नवीन पीसी असेंबल करताय? मग पार्ट निवडायला मॉनिटरपासून सुरुवात करा

पीसी असेंबल करायचं डोक्यात आलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न प्रोसेसरचा असतो, आय५ घेऊ का आय७, का एएमडीचा रायझन बघू. मीही पहिल्या वेळी तिथूनच सुरुवात केली होती आणि निम्मं बजेट प्रोसेसरवर घालवून बसलो होतो. आता मला कोणी विचारलं तर मी आधी उलट विचारतो, टेबलावर मॉनिटर कुठला असणार आहे आणि त्याच्यावर दिवसभर काय चालणार आहे? ही दोन उत्तरं पक्की झाली की बाकीचे पार्ट त्यांच्या मागून आपोआप ठरत जातात, आणि ती नसली तर कितीही रिव्ह्यू बघा, डोक्याचा भुगा होण्यापलीकडे काही होत नाही.

जरा आकडे बघा म्हणजे लक्षात येईल. फुल एचडी मॉनिटर म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल. १४४०पी म्हणजे जवळपास ३७ लाख. आणि ४के म्हणजे सुमारे ८३ लाख, फुल एचडीच्या बरोब्बर चौपट. गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डला हे सगळे पिक्सेल सेकंदाला ६० वेळा किंवा १४४ वेळा नव्याने काढायचे असतात. प्रोसेसरचं काम मात्र पिक्सेल वाढले म्हणून फारसं वाढत नाही, ते सेकंदाला निघणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं, वाढली की वाढतं. म्हणून ४के वर गेम खेळणाऱ्याने पैसा कार्डात घालावा, आणि फुल एचडीवर १४४ किंवा २४० हर्ट्झला खेळणाऱ्याने प्रोसेसरही दमदार घ्यावा. एवढं एक कळलं तरी बजेटची निम्मी वाटणी झालीच.

गेमिंग करायचंच नसेल तर तसंही कागदावर लिहून काढा, मनात ठेवू नका. ब्राउझर, एक्सेल, ऑनलाइन मीटिंग, मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड नकोच, प्रोसेसरमधलं इनबिल्ट ग्राफिक्स भरपूर झालं. कोडिंग करत असाल, मोठे प्रोजेक्ट कंपाइल करत असाल किंवा दोन-तीन व्हर्च्युअल मशीन चालवत असाल तर जास्त कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आणि ३२ जीबी रॅम. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी इंटेलच्या इनबिल्ट ग्राफिक्समधल्या क्विक सिंकचा (व्हिडिओसाठीचं खास सर्किट) विचार जरूर करावा, टाइमलाइन पुढेमागे करताना त्याची चांगली मदत होते. घरच्या मशीनवर एआय मॉडेल चालवून बघायची असतील तर सगळ्यात आधी कार्डावरची मेमरी बघायची, बाकीचं नंतर.

ग्राफिक्स कार्ड

गेमिंग पीसी असेल तर माझ्या मते एकूण बजेटचा तिसरा हिस्सा ते ४० टक्के इथे गेले तरी हरकत नाही. कार्ड निवडताना लोक फक्त नाव बघतात, पण नावाखालची मेमरीही बघा. ८ जीबी आज फुल एचडीपुरती धरा. १४४०पी साठी १२ जीबी असावी आणि १६ जीबी मिळाली तर पुढची तीन-चार वर्षं निवांत. मेमरी अपुरी पडली की कार्ड सरसकट स्लो होत नाही, गेम मधेच अडकून अडकून चालायला लागतो, कारण जे टेक्स्चर कार्डावर मावत नाही ते मदरबोर्डवरच्या रॅममधून ओढून आणावं लागतं आणि तो रस्ता फार हळू आहे. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) छान दिसतं आणि खेळताना मात्र वैताग येतो, त्यामुळे रिव्ह्यू बघताना सरासरीबरोबर १ टक्का लो (सगळ्यात हळू १ टक्का फ्रेमचा वेग) हा आकडाही बघत जा.

अजून एक, एकाच नावाची दोन कार्डं असतात! आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं कार्ड १९२ बिट बसचं (बस म्हणजे कार्डाच्या मेमरीपर्यंतचा रस्ता) आहे, आणि त्याच नावाने नंतर आलेलं ८ जीबीवालं १२८ बिटचं. डब्यावर मोठ्या अक्षरात दोन्हीकडे ३०६० च. आरटीएक्स ४०६० टीआय सुद्धा ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपात येतं. ऑर्डर करताना पूर्ण मॉडेल नंबर वाचल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत, एवढी शिस्त ठेवाच.

ब्लेंडर किंवा एआयचं काम असेल तर एनव्हिडियाचं कार्ड घेतलेलं सोयीचं पडतं कारण बरीच सॉफ्टवेअर कुडा (एनव्हिडियाचा स्वतःचा प्रोग्रॅमिंग प्लॅटफॉर्म) धरून लिहिलेली असतात. नुसता गेमिंगचा विषय असेल तर एएमडीची रेडिऑन कार्डं त्याच पैशात बरेचदा जास्त मेमरी देतात, तीही मनापासून तपासा.

प्रोसेसर आणि त्याच्या नावातली अक्षरं

आय७ म्हणजे आय५ पेक्षा भारी, हे फक्त एकाच पिढीत खरं. २०१७ चा आय७ ७७०० चार कोअर आठ थ्रेडचा (थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं) होता, २०२२ चा आय५ १२४०० सहा कोअर बारा थ्रेडचा आहे आणि प्रत्येक कोअरही आधीपेक्षा जोरात चालतो. म्हणून जुना आय७ स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारू नका. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, इंटेलच्या ७ व्या पिढीतले एखाद-दुसरे अपवाद सोडले तर त्याच्या सपोर्टेड यादीत ८ व्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर आहेत, सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे आधी बघावं.

आता अक्षरं. इंटेलमधे एफ असेल तर इनबिल्ट ग्राफिक्स नाही, के असेल तर ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायला, मोकळा. रायझन ७००० आणि ९००० मधे छोटंसं इनबिल्ट ग्राफिक्स असतं पण एफवाल्यात नसतं, आणि जुन्या ५००० मधे फक्त जी असलेल्यात असतं. माझं मत विचाराल तर थोडेच पैसे वाचत असतील तर एफ घेऊच नका. कार्ड कधी बिघडलं आणि दुरुस्तीला गेलं तर इनबिल्ट ग्राफिक्सवर निदान मशीन चालू राहतं, आणि स्क्रीन काळी आली तर दोष कार्डात आहे का दुसरीकडे ते घरीच दोन मिनिटांत कळतं.

एएमडीमधे एक्स३डी म्हणजे चिपवर जास्तीची कॅश (प्रोसेसरमधलीच झटपट मेमरी) चढवलेली, रायझन ७ ७८००एक्स३डी मधे एल३ कॅश ९६ एमबी आहे. गेममधे त्याचा खरोखर फायदा होतो, पण एक्सेल आणि फोटोशॉपला त्याचं सोयरसुतक नाही, त्यामुळे गेमिंग नसेल तर तो पैसा दुसरीकडे लावा. आणि एका अक्षराने किती फरक पडतो बघा, रायझन ७ ५७००एक्स मधे ३२ एमबी एल३ कॅश आणि पीसीआयई (कार्ड आणि एसएसडीशी जोडणारा रस्ता) ४.०, पण नुसत्या ५७०० मधे १६ एमबी आणि पीसीआयई ३.०. दोन्ही आठ कोअरच, म्हणून दुकानदारसुद्धा एकच आहे म्हणून सांगून मोकळा होतो.

इंटेलच्या १३ व्या १४ व्या पिढीतला वरच्या रेंजचा प्रोसेसर घेणार असाल तर मशीन उभी राहिल्यावर पहिलं काम बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट. या चिप्सना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन त्या कायमच्या खराब होत होत्या, इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले. जुन्या बायोसवर महिनाभर वापरून मग अपडेट करू असं करू नका, झालेलं नुकसान अपडेटने भरून येत नाही.

मदरबोर्ड

इथे पहिली गोष्ट सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा. एएमडीचं एएम४ सॉकेट पहिल्या रायझनपासून ५००० पर्यंत चाललं, म्हणजे २०१७ ला बोर्ड घेतलेल्या पुष्कळ लोकांनी चार-पाच वर्षांनी नुसता बायोस अपडेट करून नवा प्रोसेसर बसवला. २०२२ मधे एएम५ आलं आणि ते २०२७ पर्यंत आणि पुढेही चालेल असं एएमडीने सांगितलंय. इंटेलचं एलजीए १७०० हे १२, १३, १४ अशा तीन पिढ्यांत संपलं आणि २०२४ ला कोअर अल्ट्रा २०० बरोबर एलजीए १८५१ आलं. तुम्हाला दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायची सवय असेल तर याला महत्त्व द्या, पाच-सहा वर्षांनी सगळंच नवीन घेणारे असाल तर नका देऊ.

चिपसेटमधे (बोर्डावरची मुख्य चिप) मधला पर्याय बहुतेकांना पुरतो, एएमडीकडे बी६५० किंवा बी८५०, इंटेलकडे बी७६०. इंटेलवर ओव्हरक्लॉकिंग करायचं असेल तरच झेडवाला बोर्ड लागतो. बोर्ड घेताना मी आरजीबी लाइट बघत नाही, मी बघतो की प्रोसेसरच्या बाजूच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज देणारं सर्किट) हीटसिंक आहे का, एसएसडीसाठी एम.२ चे स्लॉट किती, मागे यूएसबी किती, वायफाय आहे का, आणि कॅबिनेटला पुढे टाइप सी असेल तर बोर्डावर त्याचा हेडर (केबल लावायची जागा) आहे का. काही बोर्डांवर ठराविक एम.२ स्लॉट वापरला की एक-दोन साटा पोर्ट (डिस्कची केबल लावायची जागा) बंद पडतात, हे मॅन्युअलमधे तळटीपेत लिहिलेलं असतं. मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं, विकत घ्यायच्या आधी वाचा.

आणि प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल तर सीपीयू सपोर्ट लिस्ट उघडून कुठल्या बायोस व्हर्जनपासून तो चालतो ते बघायचं. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न लावताही पेन ड्राइव्हवरून बायोस टाकता येतो. हे बटण असलेला बोर्ड थोडा महाग पडला तरी घ्या असं मी म्हणेन, नाहीतर नव्या प्रोसेसरसाठी बायोस टाकायला जुना प्रोसेसर कुणाकडून तरी मागून आणायची वेळ येते.

रॅम, एसएसडी

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हीला २८८ पिना असतात पण मधली खाच वेगळ्या जागी असते, एकमेकांच्या स्लॉटमधे बसत नाहीत. एएम५ ला फक्त डीडीआर५. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारात मिळतात, म्हणून तिथे नीट बघून घ्या.

१६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८ च्या दोन, ३२ ची एक घेण्यापेक्षा १६ च्या दोन, कारण दोन स्टिक असल्या की ड्युअल चॅनेल (दोन्हींतून एकाच वेळी डेटा) चालतं आणि इनबिल्ट ग्राफिक्स असेल तर फरक डोळ्यांना दिसतो. चार स्लॉटच्या बोर्डवर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमधे लावायच्या. नंतर अजून दोन टाकू हा बेत डीडीआर५ मधे फसतो, रायझन ७००० चा अधिकृत वेग दोन स्टिकला ५२०० आहे आणि चार लावल्या तर ३६०० वर येतो. म्हणून जेवढी लागणार तेवढी सुरुवातीलाच दोन स्टिकमधे घ्या.

वेगाबरोबर सीएल (रॅम प्रतिसाद द्यायला किती थांबते त्याचा आकडा) पण बघायचा. सीएलला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा, किती नॅनोसेकंद लागतात ते मिळतं. डीडीआर४ ३२०० सीएल१६ म्हणजे १०. डीडीआर५ ६००० सीएल३० म्हणजे पण १०. पण ६००० सीएल४० म्हणजे १३ च्या वर. डब्यावर ६००० बघून सीएल४० वाली उचलली तर वेग मिळतो पण प्रतिसाद मागे पडतो. रायझनसाठी ६००० सीएल३० हा सगळ्यात सरळ पर्याय.

एसएसडीत फार अडकू नका. साटावाली सेकंदाला साधारण ५५० एमबी, एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणारी) ३.० वाली ३५०० पर्यंत, ४.० वाली ७००० च्या आसपास, ५.० वाली त्याच्याही बरीच पुढे. पण विंडोज सुरू व्हायला किंवा गेम लोड व्हायला ३.० आणि ५.० मधला फरक हाताला जाणवत नाही. चांगली टीएलसीवाली (एका सेलमधे तीन बिट साठवणारी) ४.० घ्या, १ टीबी. एक खबरदारी, एम.२ हा फक्त आकार आहे, त्या आकारात आतून साटा असलेल्याही एसएसडी मिळतात, म्हणून एनव्हीएमई लिहिलंय का ते बघा.

एसएमपीएस

इथे मी थोडा जास्त बोलणार आहे कारण लोक सगळं ठरवून झाल्यावर उरलेल्या पैशात एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज देणारा पॉवर सप्लाय) बसवतात, आणि मशीनमधला हा एकच पार्ट असा आहे की जो जाताना बाकीच्यांना सोबत घेऊन जाऊ शकतो.

आधी वॉटचा हिशोब. आरटीएक्स ४०७० २०० वॉटचं कार्ड, रायझन ५ ७६०० वर ६५ लिहिलं असलं तरी तो जोरात असताना ८८ पर्यंत घेतो, बोर्ड रॅम फॅन एसएसडी मिळून ६० धरा, झाले ३५०. याला ६५० वॉट मस्त. ७५० घेतला तर पुढच्या कार्डाची सोय. याउलट आय९ १४९००के एकटा २५३ वॉट मागतो, आरटीएक्स ४०९० एकटं ४५०, तिथे १००० च्या खाली जायचं नाही. कार्डं क्षणभरासाठी लिहिलेल्यापेक्षा बरीच जास्त पॉवर ओढतात, अशा झटक्यांचा विचार करून २०२२ मधे एटीएक्स ३.० आलं, त्यामुळे नवीन घेताना एटीएक्स ३.० किंवा ३.१ वालाच घ्या.

८० प्लस ब्राँझ, गोल्ड हे स्टिकर कार्यक्षमतेचे असतात. ११५ व्होल्टच्या टेस्टमधे अर्ध्या लोडला ब्राँझ ८५ टक्के, गोल्ड ९०. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झाला तर पटकन बंद होतो का, यातलं काहीही त्या स्टिकरवरून कळत नाही. त्यासाठी वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा आणि आत उघडून, लोड देऊन केलेले रिव्ह्यू वाचा.

आता मॉड्युलर, म्हणजे एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या, केबलचं. काही वर्षांपूर्वी मी एसएमपीएस बदलला. जुन्या केबल कॅबिनेटच्या मागून छान बांधून ओढलेल्या होत्या, त्या सोडवायचा कंटाळा आला, नव्याच्या सॉकेटमधे त्या बसत पण होत्या, म्हटलं राहू देत. स्विच दाबला, बारीक टक्क असा आवाज आला आणि जळका वास. दोन हार्ड डिस्क गेल्या, एकीवर मुलीच्या पहिल्या दोन वर्षांचे फोटो होते आणि त्यातले अर्धेच दुसरीकडे कॉपी केलेले. कारण असं की डिस्कच्या बाजूचं तोंड सगळीकडे सारखं असतं पण एसएमपीएसच्या बाजूला कुठल्या पिनवर ५ व्होल्ट आणि कुठल्या पिनवर १२ हे प्रत्येक कंपनी, कधी कधी प्रत्येक मॉडेल, आपलं आपलं ठरवतं. ५ च्या जागी १२ गेले की डिस्कचं सर्किट एका क्षणात संपतं. तेव्हा नवीन एसएमपीएस आला की त्याच्या डब्यातल्याच केबल लावायच्या, जुन्या त्याच्या जुन्या एसएमपीएसबरोबर एका पिशवीत बांधून ठेवायच्या, बसतंय म्हणून लावायची नाही, कधीच नाही.

तसंच प्रोसेसरची ८ पिन आणि कार्डाची ८ पिन दिसायला भावंडं वाटतात पण वायरिंग उलटं असतं, केबलवर लिहिलेलं वाचून लावा. आणि नव्या १६ पिन कनेक्टरवालं कार्ड असेल तर प्लग पूर्ण आत जाईपर्यंत दाबायचा, अर्धवट बसला की तिथे गरम होऊन प्लास्टिक वितळतं.

कॅबिनेट, कुलर आणि पुठ्ठ्याचा तुकडा

कॅबिनेटला पुढे जाळी हवी. पुढे सपाट काच असलेलं दिसायला झक्कास दिसतं पण हवा बाजूच्या फटीतून ओढावी लागते आणि फॅन ओरडत बसतात. बोर्ड एटीएक्स म्हणजे ३०५ बाय २४४ मिमी, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. कॅबिनेटच्या स्पेसिफिकेशनमधे कार्डाची जास्तीत जास्त लांबी आणि कुलरची जास्तीत जास्त उंची दिलेली असते. मोठे टॉवर कुलर १५५ ते १६५ मिमी उंच असतात, त्यामुळे १५५ ची मर्यादा असेल तर १५८ वाला घेऊन साइड पॅनल लागणार नाही. पुढे रेडिएटर लावणार असाल तर तो साधारण २७ मिमी आणि फॅन २५, म्हणजे कार्डाच्या जागेतून ५२ मिमी वजा. फारच जोरदार प्रोसेसर नसेल तर मी हवेचाच कुलर घेतो, त्यात खराब होण्यासारखा एक फॅन असतो, तो बदलला की काम झालं.

कॅबिनेट आधीचंच वापरणार असाल तर आकड्यांवर विसंबू नका. खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा कार्डाच्या लांबी-रुंदीचा कापा, आत स्लॉटच्या जागी धरा, आणि मग बघा की समोरचे फॅन, डिस्कचा पिंजरा, साटा केबलची तोंडं कुठे आडवी येतायत. कार्डाची पॉवर केबल वरून किंवा बाजूने निघते, तिला वळायला पण तीन-चार सेंटीमीटर लागतात, ते पुठ्ठा धरला की लगेच समजतं.

सगळे पार्ट शक्यतो एकाच आठवड्यात घ्या. एक आज, एक दोन महिन्यांनी असं केलं तर पहिल्याची परत करायची मुदत संपते आणि तो खराब होता हे शेवटी कळतं. आले की लगेच कॅबिनेटमधे बसवू नका. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवा, प्रोसेसर, कुलर, रॅमची एकच स्टिक, एसएमपीएस एवढंच (प्रोसेसरमधे इनबिल्ट ग्राफिक्स नसेल तर कार्डही) लावून चालू करा. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, बोर्ड रॅमची मेमरी ट्रेनिंग करत असतो, घाबरून स्विच बंद करू नका, पंखे फिरू द्या आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. बायोस दिसलं की आधी बायोस अपडेट, मग एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅम तिच्या डब्यावरच्या वेगाने चालवायची सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहील आणि तुम्हाला कधी कळणारही नाही.

सगळं कॅबिनेटमधे गेल्यावर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, बोर्डाच्या पोर्टला नाही. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधे जाऊन रिफ्रेश रेट स्वतःच्या हाताने १४४ करा, कारण तो बरेचदा ६० वरच असतो आणि कित्येक जण वर्षभर तसाच वापरतात.